संजयचा निरोप

पंचफुला आशाताई म्हणजे झरी जामणीकडच्या त्या जंगलकडेच्या गावाचं अर्धं सरकार. गरोदर बायांची नोंद तिच्याकडे, पोरांचे डोस तिच्याकडे. माहिती पाठवायला ती पाण्याच्या टाकीवर चढायची, तिथंच काय ती रेंज. म्हणून गावाचे निरोपही तिच्याच फोनवर यायचे.

मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली. वच्छलाबाईचा संजय तिकडेच फौजेत, तीन दिवस त्याचा फोन नाही. घरात त्याची बायको ममता, दिवस भरलेली, पायांवर सूज, बीपी चढलेलं. पंचफुलानं गाडी बोलावली तर वच्छलाबाई दारात आडवी. पोरगा लढाईवर असताना घरच्या माणसानं गावची शीव ओलांडायची नाही, हा तिचा नेम. तो सुटणार फक्त संजयच्या निरोपानं.

पंचफुलानं डॉक्टरांची भीती घातली, सरपंचाला आणलं. म्हातारी ढिम्म. ममताला अंधारी यायला लागली, आणि ड्रायव्हर म्हणाला, दुसऱ्या गावाहून फोन आहे, मी निघतो. मग पंचफुला टाकीवर जाऊन आली.

"काकू, संजयचा फोन आलता. मी ठीक हाये, ममताले दवाखान्यात न्या म्हणे."

वच्छलाबाईनं स्वतः सुनेला गाडीत बसवलं. पांढरकवड्याला मुलगी झाली. तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

खोटं बोलून जीव वाचवला, इथवर ठीक. पण खोट्याला एकदा जेवू घातलं की ते रोज दारात येतं. लढाई थांबली तरी संजयचा फोन आला नाही. म्हातारी रोज सकाळी विचारायला यायची, आज काय म्हणे? पंचफुला सांगायची, बरा आहे. खरं सांगावं तर घरात ओली बाळंतीण. दगडाखाली हात सापडला होता, आणि दगड तिनंच ठेवला होता. तिला आता सकाळ झालेलीच नको वाटायची.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला. बाया जमल्यावर वच्छलाबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "पंचफुला, संजयनं नाव काय सांगतलं?"

पंचफुलाच्या स्वतःच्या दोन्ही पोरांची नावं सासऱ्यानं ठरवली होती. तिला कोणी विचारलंही नव्हतं. तिनं ममताकडे बघायचं टाळलं.

"अर्पिता म्हणे."

वच्छलाबाईनं पदरानं डोळे पुसले. "मले मालूमच होतं, तो असंच नाव सांगन."

ममतानं हसून ते नाव लेकीच्या कानात सांगितलं. पंचफुला उठून बाहेर आली, टाकीवर चढली आणि त्या दिवसात चौथ्यांदा संजयचा नंबर लावला. बंदच होता.