रुसलेल्या गोगलगायी

तिसरीच्या बाई म्हणजे मुलखाच्या संशयी. सुनेनं चहात साखर जरा जास्त घातली, तरी कप खाली ठेवून विचारायच्या, "आज काय विशेष?" सव्वीस वर्षं मुलांच्या थापा ऐकून त्यांचे कान असे तयार झाले होते, की खरं बोलणाराही त्यांच्यापुढे अडखळायचा.

त्यांच्या टेबलावर एक काचेची पेटी होती. अर्धी काळ्या कागदानं झाकलेली, तळाशी ओलं फडकं; अर्धी उघडी, कोरडी. आत सहा गोगलगायी. रोज सकाळी त्यांना मधोमध ठेवायचं आणि कुठे जातात ते बघायचं. प्राणी आजूबाजूचं कसं ओळखतात, हा धडा बाई असा शिकवत. महिनाभर सहाही जणी शहाण्यासारख्या अंधारात, ओलाव्यात गेल्या. पण तीन दिवस झाले, रुसल्यासारख्या उजेडाच्या काचेवर चढून बसत होत्या.

आज मोठ्या बाई तास बघायला येणार होत्या. त्यांनी बजावलं होतं, "जमलं तर पेटी राहील. नाहीतर किडे बाहेर."

बाईंचा संशय शिपाईमामांवर. ही ब्याद मामांच्या डोळ्यांत खुपायची, हे साऱ्या शाळेला ठाऊक. काल संध्याकाळी बाईंनी गुपचूप झाकणावर आपला एक लांब केस चिकटवला. सकाळी बघतात तर केस जसाच्या तसा! संशय फिटायचा, तो दुणावला. माणूस भलताच बेरकी!

तीन दिवसांपासून धरलेल्या खांद्याला मलम चोळत बाई वर्गात आल्या. फडकं भिजवून पिळलं, तळाशी अंथरलं, गोगलगायी मधोमध ठेवल्या. त्यांनी शिंगं आखडली आणि निघाल्या उजेडाकडे. तेवढ्यात मामा खडू घेऊन आले.

"मामा, खरं सांगा. फडक्यावर फिनेल शिंपडता ना?"

"मी? या शेंबड्या बायांच्या वाटेला मी कशाला जाऊ?" मामांनी दोन्ही हात पुढे केले. "घ्या वास!"

बाईंनी खरंच हात धरून नाकाशी नेला. भपकन वास आला. "सापडलात! हा कसला वास?"

मामांनी हात हळूच सोडवून घेतला. "आता हुंगा."

वास तिथेच होता. बाईंच्या बोटांना.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, तुम्ही फडकं पिळता तेव्हा माझ्या पण डोळ्यांत पाणी येतं."

"मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, कशावरून?"

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. बाईंनी पदर सावरला. "मुलांनो, चोर सापडला. मीच ती. मामा, नवं फडकं तुमच्या हातानं भिजवा."

मामांनी नवं फडकं भिजवून अंथरलं आणि गोगलगायी मधोमध ठेवल्या. किती तरी वेळानं एकीनं शिंगं बाहेर काढली, हलवली आणि सावकाश काळ्या कागदाआड गेली. मग दुसरी.

"हिचं नाक कुठे असतं?" बाईंनी विचारलं.

"शिंगांत!" वर्ग गरजला.

"पेटी राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मलम तेवढं घरी ठेवा."

तास सुटल्यावर बाई मामांना म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्यापासून फडकं तुम्हीच भिजवा."

"भिजवीन की. पण तो झाकणावरचा केस काढा आधी. पुसताना काल पडला होता, मीच परत चिकटवला."