हंस मिस्त्रींच्या कोल्हापुरात

स्वारगेटहून सकाळी सहाच्या कोल्हापूर गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत आम्लपित्ताच्या गोळ्या होत्या आणि एक जाडजूड जर्मन शब्दकोश. गोळ्या बायकोनं घातल्या होत्या, शब्दकोश मी. पुण्यातल्या एका क्लासमध्ये तीस वर्षं जर्मन शिकवून मी निवृत्त झालो आहे. या तीस वर्षांत मी जर्मनीला एकदाही गेलेलो नाही, ही गोष्ट मी सहसा बोलत नाही. कुणी विचारलंच तर ‘तसा योग आला नाही’ म्हणतो. माझे विद्यार्थी तिकडे गेले, नोकऱ्या लागल्या, त्यांची मुलंही तिथल्या शाळांत जाऊ लागली. मी इकडे नव्या मुलांकडून ‘माझं नाव पीटर, मी बर्लिनला राहतो’ हे घोकून घेत राहिलो.

त्यामुळे ‘कोल्हापुरातले जर्मन : एक पायी फेरी’ अशी जाहिरात फोनवर आली, तेव्हा मला वाटलं, ही आपल्याचसाठी काढलेली आहे. नाव नोंदवायच्या अर्जात व्यवसाय विचारला होता. मी ‘जर्मन भाषातज्ज्ञ’ असं लिहिलं. आधी ‘ज्येष्ठ’ही लिहिलं होतं, मग विनयानं खोडलं. पुढची सगळी फजिती ‘भाषातज्ज्ञ’ या एका शब्दामुळे झाली.

शनिवारी दुपारी कोल्हापूर स्टँडला उतरलो. भूक लागली होती. जवळच्या खाणावळीत थाळी मागवताना मी वाढप्याला विचारलं, फार तिखट नाही ना. ‘न्हाय की, बारकी पोरं खात्यात,’ तो म्हणाला. कोल्हापूरची बारकी पोरं कशाची बनलेली असतात ते पहिल्या वाटीतच कळलं. तांबड्या रश्शानं डोळ्यांतून पाणी काढलं आणि पांढऱ्या रश्शानं ते थांबवलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी न विचारता माझ्यापुढे दह्याची वाटी सरकवली आणि ‘पावणं (म्हणजे पाहुणे) पुण्याचं दिसत्यात’ असं सगळ्या खाणावळीला सांगितलं.

रविवारी सकाळी सात वाजता उद्यमनगरच्या कोपऱ्यावर आम्ही पाच जण जमलो. जयसिंगपूरचं एक शिक्षक जोडपं, कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि मी. फेरी घेणाऱ्या चौगुले बाई पूर्वी शाळेत इतिहास शिकवत. वय साठीच्या पुढे, पायांत कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की पलीकडच्या फूटपाथवरचेही दोघे थांबून ऐकू लागले. मी सुरुवातीलाच विचारलं, एकूण किती जर्मन लोक इथे येऊन राहिले होते? बाई म्हणाल्या, एकच. पण फेरीचं नाव अनेकवचनात बरं दिसतं.

तो एक जर्मन म्हणजे हान्स. छापखान्याचं यंत्र बसवायला म्हणून कंपनीनं त्याला पाठवलं होतं. यंत्र बसलं, पण हान्स परत गेला नाही. पुढे महायुद्ध सुरू झालं, तेव्हा इंग्रजांनी त्याला इतर जर्मनांबरोबर छावणीत नेऊन ठेवलं. सुटका झाल्यावर तो मायदेशी न जाता पुन्हा कोल्हापूरलाच आला, उद्यमनगरात एका कारखानदाराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिला आणि मरेपर्यंत लेथ यंत्रावर काम करत, इतरांना शिकवत राहिला. हान्स हे नाव कुणाच्या तोंडात बसेना. लोकांनी त्याचं हंस केलं आणि हातात कसब होतं म्हणून पुढे मिस्त्री लावलं.

त्याचा लेथ आम्ही पाहिला. एका वर्कशॉपच्या कोपऱ्यात तो अजून उभा आहे. चालकानं मोठ्या कौतुकानं सुरू करून दाखवला. यंत्रावरच्या पट्टीवर जर्मन अक्षरं होती. मी पुढे होऊन ती मोठ्यानं वाचली, अर्थ सांगितला, उच्चारही दोनदा करून दाखवले. कॉलेजच्या मुलींनी मान डोलावली. मला हुरूप आला.

तिथून आम्ही ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. हंस मिस्त्रींची कबर एका कडेला, कडुलिंबाखाली आहे. साधा काळा दगड, वर नाव, बाकी बरंचसं शेवाळानं झाकलेलं. अगदी तळाशी मला रोमन लिपीतली काही अक्षरं दिसली. सुरुवात शेवाळाखाली होती, पुढे ‘एच, आय, एन’ स्पष्ट दिसत होतं. मी सगळ्यांना थांबवलं. ‘हिन्’ हा जर्मन शब्द आहे, त्याचा अर्थ ‘इथून तिकडे’. परक्या भूमीत देह ठेवताना या माणसानं आपल्या शेवटच्या प्रवासाचं सूचन एका अक्षरसमूहात केलं आहे. पाच-सहा मिनिटं मी बोललो असेन. जयसिंगपूरचे शिक्षक वहीत लिहून घेत होते.

चौगुले बाईंनी माझं होऊ दिलं. मग खाली बसून एका खड्यानं शेवाळ खरवडलं. आधीची तीन अक्षरं निघाली, शेवटचीही निघाली. सगळी मिळून ‘गडहिंग्लज’ असं होत होतं.

‘पाथरवट तिथला होता, सर,’ बाई म्हणाल्या. ‘आपलं गाव घालायची पद्धत होती त्यांची.’

शिक्षकांनी वहीतला मजकूर खोडला. खोडताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, हा त्यांचा चांगुलपणा.

मला वाटलं, आता फेरी संपेल आणि मी गुपचूप लॉजवर जाईन. पण बाई म्हणाल्या, शेवटचा मुक्काम राहिलाय आणि तो खास तुमच्यासाठी ठेवलाय. ज्या कारखानदाराकडे हंस मिस्त्री राहत, त्यांची मुलगी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. सगळे त्यांना आक्का म्हणतात. वडिलांमागं कारखाना त्यांनीच चालवला. त्यांच्याकडे एक जर्मन पत्र आहे, हंस मिस्त्री गेल्यावर महिन्याभरानं आलेलं. आजवर ते कुणी वाचलेलं नाही. अर्जात तुम्ही भाषातज्ज्ञ लिहिलेलं पाहिलं आणि मी आक्कांना त्याच दिवशी कळवलं.

आक्कांचं घर कारखान्याच्या मागेच, चार खोल्यांचं, स्वच्छ. त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून आमची वाट पाहत होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेलं दिसत होतं. आम्हाला बसवून त्यांनी आधी थोडं सांगितलं. हंस मिस्त्रींना त्या काका म्हणत. काकांना ‘ळ’ म्हणता येत नसे. गुळाला ते ‘गूल’ म्हणत, केळ्याला ‘केलं’, आणि आक्का त्यांना रोज दुरुस्त करत. मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक निळसर पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

मी चष्मा पुसला आणि कागद उलगडला. अक्षर करवतीच्या दात्यांसारखं होतं. वर-खाली, वर-खाली, सगळ्या ओळी सारख्याच. जर्मनीतली जुनी माणसं एका वेगळ्या वळणाची लिपी लिहीत, हे मी ऐकून होतो. विद्यार्थ्यांना माहिती म्हणून सांगतही असे. ती मला वाचता येत नाही, हे मात्र त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘प्रिय हान्स’ एवढं अंदाजानं लागलं. पुढे काही नाही.

सहा माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. सकाळी एकदा नाक कापलं गेलं होतं. मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो.

‘प्रिय हान्स, इकडे सर्व कुशल आहे. यंदा थंडी फार पडली. सफरचंदं चांगली आली.’ आमच्या पाठ्यपुस्तकातल्या नवव्या धड्यात असं एक पत्र आहे. तीस वर्षांत ते मी इतक्यांदा शिकवलंय की ते आपोआप येत गेलं. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, पत्र कुणाचं आहे. मी बहिणीचं म्हणालो. मग त्यांनी विचारलं, उत्तर मागितलंय का.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘तसं काही नाही.’

आक्कांनी डोळे उघडले. त्यांचे खांदे खाली आले, एवढंच मला दिसलं. त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, ‘बरं झालं बाई.’ मग हळूहळू सांगू लागल्या. पत्र आलं तेव्हा त्या कॉलेजात होत्या. वडील म्हणाले, भाषा कळत नाही तर काय लिहिणार, आणि त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. पण आक्कांना इंग्रजी येत होतं. पाकिटावर पत्ता होता. चार ओळी लिहिता आल्या असत्या, की तुमचा माणूस गेला. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं. तिकडे कुणी वाट बघत बसलं असेल, हे त्यांच्या मनातून साठ वर्षं गेलं नव्हतं. आता मी हे सगळं मराठीत नीट लिहून द्यावं, म्हणजे त्या पत्राबरोबर ठेवतील, असं म्हणून त्यांनी सुनेला कागद आणायला सांगितला.

कागद आला, पेन आलं. मी टोपण काढलं आणि लावलं. मग म्हणालो, आक्का, मला हे पत्र वाचता येत नाही. मी जे वाचलं ते माझ्या मनचं होतं.

चौगुले बाई जमिनीकडे बघत राहिल्या. आक्कांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि घडी घातली.

‘म्हंजे तुम्हाला वाचता न्हाय आलं.’

‘नाही.’

‘मग तसं म्हणायचं की, पावणं.’

एवढंच. मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच ठाऊक.

निघण्यापूर्वी मी एक विनंती केली. मधुरा नावाची माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत राहते. पत्राचे फोटो तिला पाठवू द्या, तिला कुणी वाचणारं मिळेल. आक्कांनी थोडा विचार केला आणि पत्र पुन्हा उलगडून टेबलावर ठेवलं. माझ्या हातात मात्र दिलं नाही. मी वाकून फोटो काढले. सोमवारी सकाळचं परतीचं तिकीट रद्द केलं. संध्याकाळी रंकाळा तलावाच्या काठावर भेळ घेऊन बसलो, पण फोन दर पाच मिनिटांनी पाहण्याच्या नादात भेळ मऊ पडून गेली.

सोमवारी दहाच्या सुमारास मधुराचा निरोप आला. तिच्या इमारतीत नव्वदीच्या एक बाई राहतात. त्यांच्या आईचं अक्षर असंच होतं. त्यांनी रविवारची दुपार खर्चून सगळं पत्र वाचून सांगितलं आणि मधुरानं ते टाइप करून पाठवलं. लॉजच्या खोलीत मी ते तीनदा वाचलं, शब्दकोश उघडून अडलेला प्रत्येक शब्द पाहिला, आणि चौगुले बाईंना घेऊन आक्कांकडे गेलो.

पत्र बहिणीचंच होतं. माझं तेवढं एक बरोबर निघालं. तिचं नाव मार्था. तिनं लिहिलं होतं, तू पाठवलेली पिवळी ढेप मिळाली. आम्हाला वाटलं साबण आहे. दोन दिवस त्यानं कपडे धुतले, मग मुंग्या आल्या. आक्का इथे हसल्या, अगदी मोकळ्या. पुढे होतं की पुढच्या वर्षी येतो, असं तू दर वर्षी लिहितोस, मी आता तुझ्या खोलीत भाडेकरू ठेवला आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्या घराबद्दल लिहितोस त्यावरून तू घरीच आहेस हे मला कळतं. तुझे उच्चार दुरुस्त करणारी ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिला सांग, मलाही लहानपणी हेच काम होतं.

त्याच्या खाली एक ओळ होती. ती मी लॉजवर तीनदा वाचली होती आणि रिक्षात ती गाळावी का, याचा विचार केला होता. आदल्या दिवसानंतर तसं करण्याची मला सोय उरली नव्हती. मी वाचली. ‘तुला काही झालं तर तिथल्या कुणीतरी मला कळवावं. कुठल्याही भाषेत चालेल, वाचणारं मी शोधून काढीन.’

पुढच्या कारखान्यात लेथ चालू झाला, बंद झाला. मी म्हणालो, मार्था आता हयात नसणार. ते मला कळतंय, आक्का म्हणाल्या, पण तिच्या घरात कोण ना कोण असेल. मी उत्साहानं सुचवलं, तुम्ही सांगा, मी जर्मनमध्ये लिहितो.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही मधेच सफरचंदं घालशीला. तिनं कुठल्याबी भाषेत म्हटलंय न्हवं? माझं मी लिवते.’

आणि त्यांनी लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. झाल्यावर मला वाचायला दिलं. ‘मार्थाताईंना नमस्कार. हंसकाका गेले. तीन दिवस ताप होता. एकटे नव्हते, माझे वडील उशाशी होते. तुमचं पत्र नंतर आलं. मला इंग्रजी येत होतं, तरी मी लिहिलं नाही. उशीर झाला. तो गूळ होता, खायचा असतो.’ खाली सही.

दुपारच्या गाडीनं मी परत निघालो. वाटेत मधुराचा निरोप आला की पाकिटावरच्या गावात त्याच आडनावाचं एक कुटुंब अजून राहतं. कराड गेलं, सातारा गेलं, आणि मी विचार करत होतो. तीस वर्षं मी मुलांकडून शेकडो पत्रं लिहून घेतली. सगळी पीटरला, सगळी कुशल, चुका लाल पेनानं दुरुस्त केलेली. त्यातलं एकही कधी टपालात पडलं नाही. कुणाची तरी वाट पाहणारं पहिलं पत्र माझ्या हातात आलं आणि मी त्यात धडा नववा वाचून दाखवला. आक्कांनी ते मनात ठेवलं असेल की सोडून दिलं असेल, मला माहीत नाही. निघताना त्यांनी भडंगाची पुडी दिली, पण ती त्या सगळ्यांनाच देत असाव्यात.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, ‘म्हणजे इतकं करून जर्मनमध्ये तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?’

‘पाकिटावरचा पत्ता लिहिला,’ मी म्हणालो.

‘नीट लिहिलात ना?’

‘जुन्या पाकिटाशी ताडून बघितला आक्कांनी,’ मी सांगितलं. ‘एकेक अक्षर. मग तिकीट लावलं.’