बाजूला न बघणारा म्हातारा

साल २००३. हॅम्बर्गला मी मुलाकडे राहायचो, तिथे आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा म्हातारा तेव्हा त्र्याण्णव वर्षांचा होता, आणि उभ्या जर्मनीत त्याच्याइतकी ताठ मान कोणाची नसेल. माझीही नाही, आणि मी काही कमी नाही. तरुणपणी तो फ्रीस्टाइलच्या शर्यती पोहायचा. अंगात लोकरीचा पोशाख, बंदराच्या गार पाण्यात बांधलेले दोर, आणि पहिला नंबर ठरलेला. सगळ्यांत मोठ्या शर्यतीत मात्र, पुढे असताना, शेजारचा कुठवर आलाय म्हणून गड्याने क्षणभर मान वळवली आणि हातभराने हरला. तेव्हापासून त्याने बाजूला बघणंच सोडलं. बरोबर चालताना बोलायचा तेही समोर बघून. एकदा मी बुटाची नाडी बांधायला थांबलो, तर हा कोपऱ्यापर्यंत एकटाच गप्पा मारत गेला. आमच्याकडे जेवायला आला की शेजारून पुढे केलेली चटणी त्याला दिसायचीच नाही. मला जर्मन जेमतेम, त्यामुळे आमचं बोलणं सूनबाई इकडून तिकडे करायची. ती नसली की माझं 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, आणि त्याचं 'या', म्हणजे हो, एवढ्यावर तासभर निघायचा.

त्या वर्षी पोहण्याच्या तलावावर त्याला बजावलं, पाण्यात सोबत कोणी असेल तरच उतरायचं. रोजचं पोहणं सुटलं. म्हातारा खिडकीत नुसता बसून राहायला लागला. मला ते बघवेना. म्हटलं, मी येतो.

"अहो बाबा, तुम्ही पोहून किती वर्षं झाली?" सूनबाई म्हणाली.

"आमच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. तिथं शिकलेला माणूस विसरत नसतो."

म्हाताऱ्याने लगेच शर्यत लावली, या काठापासून त्या काठापर्यंत. अर्ध्यात माझ्या पोटरीत गोळा आला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि बघतो तर काय, म्हाताऱ्याने मान वळवलेली! थांबला, हात पुढे केला. मी कसला धरतोय! एका पायाने पाणी मारत मारत भिंत गाठली. तो मागून आला, हातभराने.

काठाला धरून धापा टाकत तो काहीतरी म्हणाला. काठावर उभ्या सूनबाईला हसू आवरेना. "म्हणतायत, पुन्हा हातभरानेच हरलो. पण तेव्हाचा शेजारी बुडत नव्हता."

"त्याला सांग, आजचाही बुडत नव्हता!"

आता तो नाही. पण आठवला की मला ती शर्यत दिसत नाही, दुसऱ्या दिवसाची सकाळ दिसते. मी आता येणार नाही अशी धास्ती घेऊन, गळ्यात टॉवेल टाकून तो उजाडताच दारात उभा होता. आणि बसस्टॉपपर्यंत सगळी वाट माझ्या पायाकडे बघत चालला, खांबाला धडकता धडकता.