वजीरचा उपास

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाई यशोदाबाईंचं, अर्ध्या अर्धापूर गावाशी भांडण झालेलं हाय. वजीरशी मात्र कधी न्हाई. वजीर आमचा म्हातारा कुत्रा. वर्षभरात त्याचं पोट सुटलं, पाठीवरचे केस झडले, बादलीभर पाणी पिऊन घरभर मुतायला लागला. शेजारीपाजारी म्हणले, तूप-भाकर चारून चारून बाईनंच कुत्र्याची वाट लावली. आत्याबाईंनी एकेकाला फैलावर घेतलं. पण चुलीपाशी मला हळूच विचारलं, "बबिता, खरंच माझ्यानं झालं का गं?" मला लई वाईट वाटलं.

नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या समीक्षा डॉक्टरनी त्याचं रक्त तपासलं. म्हणल्या, मूत्रपिंडाजवळ अ‍ॅड्रिनल नावाची बारकी ग्रंथी असती, तिच्यात गाठ झाली की असंच होतं. सोनोग्राफी करू, पण उपाशी आणा.

सोनोग्राफीच्या दिवशी डॉक्टर मशीन फिरवून थकल्या. पोट गच्च, काही दिसंना. काय चारलं म्हणून विचारलं, तर आत्याबाई ठसक्यात म्हणल्या, काही न्हाई, कडक उपास हाय, मीबी त्याच्यासंगं धरलाय. खोदून विचारल्यावर कळलं, दोघांनी मिळून साबुदाण्याची खिचडी हाणली होती, वर दाण्याचा लाडू. डॉक्टरनी कपाळाला हात लावला. मी तोंडाला पदर लावून हसत होते.

दुसऱ्या खेपेला मी दोघांवरबी पहारा ठेवला. ह्या वेळी गाठ दिसली, डाव्या बाजूला, लिंबाएवढी. शेजारच्या मोठ्या शिरेत अजून शिरली नव्हती. डॉक्टर म्हणल्या, भाकरीनं हे होत न्हाई, आजी. उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजात ऑपरेशन होईल, पण ह्या वयात टेबलावरच जायचा धोका हाय. न्हाईतर गोळ्यांवर काही महिने निघतील.

आमचे हे म्हणले, राहू दे, म्हातारा झालाय. आत्याबाई वजीरच्या टकल्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"काढा गाठ," त्या म्हणल्या. "त्याच्या मरणाची वाट बघत मला बसता येणार न्हाई."

उदगीरला ऑपरेशन झालं, पण वजीर शुद्धीवर येता येईना. आत्याबाई दाराशी भिंतीला टेकून उभ्या. कुणी पाणी दिलं तरी घेईनात. शेवटी आत बोलावलं. वजीरनं मान उचलली, त्यांचा हात चाटला.

"मेल्या, माझा जीव घेतला असतास की रं," म्हणल्या, आन माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. मी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.