मागच्या टोकापासून

अध्यक्षांनी रजिस्टर दोन बोटांत धरलं होतं, मेलेला उंदीर शेपटीने धरतात तसं. आणि ते मोठ्याने वाचत होते.

"'मीठ कोणाला दिसत नाही. पण नसलं तर सगळ्यांना समजतं. माणसाने मिठासारखं राहावं.'" त्यांनी मान वर करून माझ्या मायकडे पाहिलं. "काहून वो बाई, तू शाळेत खिचडी शिजवाले येतेस का कीर्तन कराले?"

लोक हसले.

सातवीच्या वर्गात पालकांची सभा होती. बाकांवर पुरुष बसले होते, भिंतीला लागून बाया. माय दाराशी उभी होती, कारण तिला बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. तिला चुलीपासून तशीच बोलावून आणलं होतं. हातात वाढायचा डाव होता. डावाला लागलेला भात वाळत चालला होता.

मी मायसोबत घरी जायचं म्हणून थांबले होते. पहिल्या बाकाजवळ खाली बसले होते. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षीचा माझा जन्म. तेव्हा मला बारावं सरत होतं.

रजिस्टरमधलं अक्षर माझं होतं. हे त्या खोलीत तिघांनाच माहीत होतं. मला, मायला आणि मोठ्या गुरुजींना, म्हणजे मुख्याध्यापकांना.

शाळा जिल्हा परिषदेची होती, एकोडीच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. यातली माणसं अजून तिथंच राहतात.

वडील नव्हते. माय रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत जायची, बाकी वर्षभर शाळेत खिचडी, भात, वरण शिजवायची. पोषण आहाराचं एक चव रजिस्टर असतं. पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने घासभर खाऊन पाहायचं, कसं झालं ते लिहायचं, सही करायची. मोठ्या गुरुजींना तिखट सोसत नव्हतं. ते चव घेतच नसत. फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहायची, अक्षर बरं होतं, म्हणून रजिस्टरही माझ्याकडे आलं. अभिप्रायाच्या रकान्यात 'चांगले' एवढं लिहायचं. शेजारी गुरुजी सही करत. न वाचता.

एक दिवस मी मायला विचारलं, आज काय लिहू? विचारायचं म्हणून विचारलं होतं. मायला वाटलं, सरकारच विचारून राहिलं आहे. स्वयंपाक करताना आज काय उमगलं, ते रोज सरकारला कळवायचं असतं, असा तिचा समज झाला. मी तो मोडला नाही.

"सरकार इच्यारते, तं खरं सांगाव," ती म्हणाली. मग चूल फुंकता फुंकता विचार करून सांगू लागली. मी ते शुद्ध भाषेत लिहू लागले. दोन महिने. प्रत्येक ओळीशेजारी मोठ्या गुरुजींची सही.

मायच्या मनात हे कुठून यायचं, तेही सांगते. माझ्या पाठचा भाऊ जन्मतःच गेला, तेव्हा माय मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती. तिथली एक नर्स तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. माय घरी आली ती येशूचं नाव घेऊन. आमची टोली, म्हणजे आमची वस्ती, छप्पन्नपासून बौद्ध. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एकदाच तिला म्हणाले की बाबासाहेबांनी आपल्याला रस्ता दाखवला, तू आडवाटेला काहून लागली? मग ते तिच्याशी बोलेनासे झाले. रविवारी माय साकोलीला एकांच्या घरी प्रार्थनेला जायची. तिला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी नवा करार वाचून दाखवायची आणि ती तांदूळ निवडत ऐकायची. पुस्तकातलं तिला समोरच्या सुपात दिसायचं.

"खडा भेटला मनून कोनी तांदूळ फेकते का?" ती म्हणायची. "खडाच फेकते. देव बी मानसाले तसाच निवडते."

हेही रजिस्टरमध्ये गेलं.

वादाचं मूळ मात्र यात नव्हतं. पोरं जेवायला व्हरांड्यात एका रांगेत बसत. रांग ऑफिसच्या दारापासून सुरू व्हायची आणि बोरिंगच्या हातपंपापाशी संपायची. ऑफिसच्या दाराशी मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, गल्लीतली पोरं. बोरिंगपाशी, चिखलात, आमच्या टोलीतली. अशी बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तशी बसत आली होती. वाढायला सुरुवात ऑफिसच्या दारापासून व्हायची. बोरिंगपर्यंत पोचता पोचता वरणाचं पाणी उरायचं आणि भाताची खरवड. मी सात वर्षं खरवड खाल्ली. मला ती आवडते असं मी सांगायची.

एका संध्याकाळी मी वाचलं की शेवटचे ते पहिले होतील. मायचा सुपातला हात थांबला. तिने ते मला आणखी एकदा वाचायला लावलं. मग पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी जेवणाआधीचा श्लोक म्हटला. माय नेहमीसारखी भांड्यापाशी डोळे मिटून उभी राहिली, मनातल्या मनात आपली प्रार्थना केली, भांडं उचललं आणि बोरिंगपासून वाढायला लागली. त्या दिवशी तिने सांगितलेलं मी असं लिहिलं : 'आज भात मागच्या टोकापासून वाढला. जे शेवटचे ते पहिले.'

त्यानंतर रोज तसंच. अध्यक्षांची मुलगी चौथीत होती, ऑफिसच्या दाराशी बसायची. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिच्या ताटात खरवड आली.

अध्यक्ष म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. जुन्या मालगुजारांचे नातू. गावचा तलाव अजून त्यांच्या आजोबांच्या नावाने ओळखला जातो. ते शाळेत आले, रजिस्टर मागून घेतलं, घरी नेलं. चार दिवसांनी सभा बोलावली.

ते चार दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. बोटाला निळी शाई लागलेली असायची, ती मी दगडावर घासून काढायची. कुठल्याशा गावात प्रार्थनेला बसलेल्यांना पोलीस ठाण्यात नेऊन दिवसभर बसवलं, असं साकोलीला मोठी माणसं हळू आवाजात बोलली होती. मी ऐकलं होतं. रस्त्याने मोटारसायकल गेली तरी मी दारामागे जायची. मायने नवा करार फडक्यात बांधून धानाच्या कोठीत खाली दाबून ठेवला. मला म्हणाली, तू काही बोलू नको. काही झालं तरी बोलू नको.

तर सभा. अध्यक्षांनी मीठ वाचलं, खडे वाचले. लोक हसत होते. मग त्यांनी मागच्या टोकाची ओळ वाचली. ती वाचताना ते हसले नाहीत, म्हणून लोकही थांबले.

"तुले लिवता येते?" त्यांनी मायला विचारलं.

"नाई जी."

"मंग हे कोनं लिवलं?"

माय डावाला चिकटलेला भात नखाने काढत राहिली.

अध्यक्ष लोकांकडे वळले. म्हणाले, बाई अडाणी आहे, हे तिच्या डोक्यातलं नाही. बाहेरची माणसं गावात येतात, ती लिहून देतात. आज रजिस्टरात लिहिलं, उद्या पोरांच्या पाटीवर लिहितील. भांड्यावर डोळे मिटून मंत्र टाकते, हे पोरांनी पाहिलं आहे. मग त्यांनी गुरुजींना विचारलं की या सह्या तुमच्याच ना?

मोठे गुरुजी वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी सही केली तेव्हा रकाना कोरा होता. नंतर कोणीतरी भरला असेल."

अध्यक्षांच्या पाठीमागे फळा होता. फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार होता, माझ्या हातचा. रजिस्टर वर धरून कोणी फक्त मागे वळून पाहायचं होतं. एवढंच बाकी होतं. मी शाईची बोटं मांडीखाली दाबली.

गुरुजींचं लक्ष फळ्याकडे गेलं. ते सावकाश चालत गेले, डस्टर उचललं आणि सुविचार पुसून टाकला. कोणाला काही वाटलं नाही. शिक्षक फळा पुसतोच.

मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. माझी माय दाराशी एकटी उभी होती, आणि फळा कोरा झाला म्हणून मला बरं वाटलं.

मायच्या नावाने कागद आधीच तयार होता. गुरुजींनी वाचून दाखवला. बाहेरच्या लोकांनी रजिस्टरमध्ये धर्माचा मजकूर लिहिला, त्यांच्या सांगण्यावरून मी मुलांना प्रार्थनेला लावलं, माझी चूक झाली, मी माफी मागते. खाली अंगठ्याची जागा. टेबलावर स्टॅम्प पॅड उघडून ठेवलं होतं.

"मी बाहेरचं कोनी आनलं नाई जी," माय म्हणाली. "मी तं निस्ता भात वाढतो."

"मंग नाव सांग लिवनाऱ्याचं. नाव सांग आन जाय घरी."

मायने खोलीभर पाहिलं. बाकांकडे, बायांकडे, खिडकीकडे. मोठे बाबा मागच्या बाकावर होते, त्यांच्याकडेही. माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही. एकदाही नाही. मी तिच्यापासून चार हातांवर होते. तेव्हा मला कळलं, ती मला लपवत होती.

मग तिने डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले.

"द्या जी. कुठं लावू अंगठा?"

सरकार विचारतं तर खरं सांगावं, असं म्हणणारी बाई खोट्या कागदावर अंगठा लावायला निघाली होती. माझ्यासाठी. तिने पॅडवर अंगठा टेकवलासुद्धा.

मी उठले. धीर आला म्हणून नव्हे. धीर आला नव्हता, लघवी होईल की काय असं वाटत होतं. अध्यक्षांच्या खुर्चीमागून गेले. खाली खडूचा तुकडा पडला होता. पुसलेल्या फळ्यावर, सुविचाराच्याच जागी, लिहिलं :

'आज भात मागच्या टोकापासून वाढला. जे शेवटचे ते पहिले.'

आणि म्हणाले, "अक्षर माहं आहे जी. मायनं सांगतलं, मी लिवलं. रोज लिवलं. गुरुजींनी रोज सही केली."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी रजिस्टर फळ्यासमोर धरलं. एकेक अक्षर ताडून पाहिलं. मग म्हणाले, "पुसा ते."

गुरुजींनी पुसलं. माझ्याकडे न पाहता. मग जागेवर जाऊन बसले.

मी तीच ओळ पुन्हा लिहिली. हात थरथरत होता, या वेळी अक्षर वाकडं आलं. अध्यक्ष परत म्हणाले, पुसा. गुरुजी डस्टर हातात धरून बसून राहिले. उठले नाहीत. त्यांनी काही ठरवलं होतं की पायांत बळ नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही.

मायचा अंगठा जांभळा झाला होता. तिने तो कागदावर टेकवला नाही. पदराला पुसला. त्या लुगड्यावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

"उद्यापासून येऊ नको," अध्यक्ष तिला म्हणाले.

"बरं जी," माय म्हणाली, आणि डाव उचलून धुवायला बोरिंगवर गेली.

घरी जाताना मोठे बाबा दहा पावलं मागे चालत होते. टोलीच्या तोंडाशी आल्यावर, दोन वर्षांत पहिल्यांदा, ते मायशी बोलले. "तुहा देव मले पटत नाई. पन भात मागून वाढला, ते बरं केलं." एवढं बोलून आपल्या घरात गेले. सभेत ते गप्प होते, हेही मी विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी नवीन बाई आली. भात ऑफिसच्या दारापासून वाढला गेला. मी बोरिंगपाशी बसले होते. माझ्या ताटात खरवड आली. ती मी खाल्ली नाही, आणि मला ती आवडते असंही त्यानंतर कधी कोणाला सांगितलं नाही.

आता मी भंडाऱ्याला एका दैनिकाच्या कार्यालयात काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. कोण म्हणालं, कोणासमोर म्हणालं, सही कोणाची, हे आधी पाहते. माय माझ्याजवळ राहते. नवा करार कोठीत नाही, खिडकीत असतो. रविवारी चार बाया आमच्या खोलीत प्रार्थनेला येतात. माय दार उघडं ठेवायला लावते. मी दाराकडे तोंड करून बसते. जिन्यावर पाऊल वाजलं की अजूनही माझे मिटलेले डोळे उघडतात. प्रार्थनेत माझं अर्धं लक्ष जिन्याकडे असतं. भीती गेलेली नाही. जाईल असं वाटत नाही.

पण त्या भीतीला मी एक गोष्ट कायमची नाकारली आहे. जे माझ्या हाताने लिहिलं ते माझं नाही, असं मी कोणालाही म्हणू देणार नाही. माझ्या मायला माझ्यासाठी खोट्याखाली अंगठा लावू देणार नाही. कोणी पुसलं, तर त्याच फळ्यावर, त्याच जागी, पुसणाऱ्याच्या देखत पुन्हा लिहीन. हात थरथरेल. अक्षर वाकडं येईल. तरी ते वाचता येईल.