कॅनडाची राखण

नाना 'हॅट्' म्हणायचे. तसं आपण सगळेच म्हणतो, पण नानांची त्यात हयात गेली होती. टीव्हीवर शेतीचा सल्ला देणाऱ्या इस्त्रीच्या शर्टाला एक हॅट्, पुण्याहून शनिवार-रविवार शिवनेरी बघायला येऊन रस्त्याकडेला चिप्सची पाकिटं टाकणाऱ्यांना दुसरा. बिबट्यासाठी उसाच्या कडेला पिंजरा लावला होता, त्यातली शेळी आठ दिवस मजेत पाला खात होती आणि बिबट्या शेजारून ये-जा करत होता. तेव्हा नाना पिंजऱ्यासमोर उभे राहिले, आधी शेळीकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे आणि जो हॅट् काढला तो आमच्या डिंगोऱ्यात अजून लोक एकमेकांना करून दाखवतात.

नानांचं घराणं मेंढपाळांचं. पन्नास वर्षं त्यांनी मेंढरं राखली, लोकांच्या रानात त्यांचा वाडा बसवला, उघड्यावर झोपले. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली, दोन एकरांत कांदा केला आणि बायको गेल्यावर तोही अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर दिला. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान त्यांच्या घरासमोर. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी घेऊन गिऱ्हाइकं येत, बाकावर बसत आणि नाना त्यांच्या मोटारीला, विहिरीला आणि जमलं तर अकलेला हॅट् म्हणत. मला ते 'मेस्तरी' म्हणायचे. गिऱ्हाइकं तुटली नाहीत, उलट नाना दिसले नाहीत तर विचारायची.

नानांचा एकुलता एक मुलगा दत्ता माझ्या वर्गातला. हुशार होता, ते नाकारत नाही. कॅनडात गेला, तिथलाच झाला. शहरात घर घेतलं आणि वर एका तळ्याकाठी दुसरं, सुट्टीत जाऊन राहायला. वर्षातून सात-आठ आठवडे राहायचं, बाकी सगळं वर्ष कुलूप. इथं बाप एकटा तीन खोल्यांत आणि तिथं पाच खोल्या रिकाम्या. पण ते मी म्हणायचं. नानांनी दत्ताला कधी हॅट् म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग तळ्याकाठच्या शेजाऱ्याचं घर कुणीतरी फोडलं. दत्तानं घाबरून आपल्या घराला दोन कॅमेरे लावले, एक बाहेर दारावर, एक आत दिवाणखान्यात. पण रात्रभर जागून बघणार कोण? त्याला युक्ती सुचली. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो. इकडे बाप रिकामा बसलेला असतो. त्यानं नानांना एक मोबाइल पाठवला, ॲप टाकायला मला सांगितलं आणि फोनवर म्हणाला, "नाना, तुम्ही दिवसभर बसूनच असता. तेवढं बघत जा." कंपनीचा रखवालदार ठेवला असता तर त्याला पगार, सुट्टी आणि थंडीचा कोट द्यावा लागला असता, हे मला तेव्हाच कळलं. नानांना कळलं नाही, कारण दत्तानं पुढचं वाक्य टाकलं होतं. "जुलैमध्ये आम्ही तिथंच असतो. मग सई रोज दिसेल तुम्हाला."

सई म्हणजे नात, सात वर्षांची. नानांनी तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं, ती वर्षाची असताना. रविवारी फोन यायचा, त्यात ती "हाय आजोबा" म्हणून पळून जायची. नाना मला म्हणाले, "मेस्तरी, फोनवर पोर तोंड दाखिवतं आन जातं. मला ती खेळताना बघायची हाये. तिला कळू नये आमी बघतोय म्हनून, असं." एवढ्यासाठी ते कॅनडाचे राखणदार झाले.

सकाळी न्याहारी करून नाना बाकावर येत, फोन खोक्याला टेकवून ठेवत आणि चष्मा पुसत. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असत. कॅमेऱ्याला अंधारातही दिसायचं. मी सांगितलं होतं की आपण बघायला लागलो की तिथं कॅमेऱ्यावर बारीक हिरवा दिवा लागतो. ही एकच गोष्ट नानांना त्या सगळ्या यंत्रात पटली. "म्हंजे सईला कळंल की आजा बघतोय," ते म्हणाले. मघाशी तिला कळू नये म्हणणारा हाच माणूस. संध्याकाळी चारला तिकडे पहाट झाली की नाना फोन खिशात घालत आणि गावाला वर्दी देत, "दार हाये जाग्यावर."

घराबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी झालं होतं. "लाकडाचं खोकं हाये. कुंपन न्हाई, उंबरा न्हाई, दारात कुत्रं न्हाई. हॅट्. ह्याला कुलूप कशाला लावायचं, चोराला कळावं म्हनून की आत मानूस न्हाई?" बर्फ पडला तेव्हा तर दोन दिवस त्यांना चैन पडेना. एवढं पांढरं रान, त्यात एक जनावर नाही, एक माणूस नाही, धूर नाही. एकदा डोळ्यांवर काळी पट्टी असलेलं मांजराएवढं एक जनावर ओसरीवर येऊन कचऱ्याचा डबा उचकटून गेलं. नाना दिवसभर खुशीत होते. त्या देशात काम करणारं काहीतरी त्यांना अखेर दिसलं होतं.

राखण म्हणजे काय, ते त्यांनी दत्ताला समजावण्याचा प्रयत्न केला. मेंढरांच्या वाड्यावर झोपायला माणूस कमी पडला की ते काठी रोवून त्यावर घोंगडी टाकत, वर पटका गुंडाळत. लांबून माणूस बसल्यासारखं दिसे आणि जनावर फिरकत नसे. "घरात मानूस हाये असं दिसलं पायजे रं, दत्ता. बाकी समदं खोटं." शेजारच्या ओतूरची एक मुलगी तिकडे शिकायला निघाली होती, तिच्या बॅगेत नानांनी स्वतःची एक घोंगडी दिली. ओसरीतल्या खुर्चीवर टाक, असा निरोपही दिला. महिन्याभरानं आतल्या कॅमेऱ्यात ती दिसली. दत्तानं मधे कधीतरी तिथं जाऊन ती दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावली होती, खाली छोटा दिवाही होता. आलेल्या मित्रांना दाखवायला असणार, आमच्याकडे कशी पारंपरिक वगैरे. नाना तिच्याकडे बघत म्हणाले, "ऊब लागत असंल भिंतीला." मला राग आला होता. मी दत्ताला फोन लावतो म्हटलं तर त्यांनी लावू दिला नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी नानांनी मला कामावरून उठवलं. "मेस्तरी, ही पावलं बघ." दारापासच्या बर्फात ठसे होते. मला ते बर्फातले खड्डे दिसले, नानांना माणसं दिसली. "दोघं हाईत. एकाचा डावा पाय आत पडतो. घराला फेरा मारला, खिडकीपाशी थांबले आन गेले. टेहळनी करून गेलेत." संध्याकाळी दत्ताला फोनवर सांगितलं. दत्ता हसला, "नाना, ते मीटर बघणारे असतील." नाना म्हणाले, "मीटर बघनारा मीटरापाशी थांबतो, खिडकीपाशी न्हाई." दत्ताला मीटिंग होती.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला, म्हणजे तिकडे पहाट व्हायच्याही आधी, ते दोघे आले. तोंडाला बांधलेलं, हातात पहार. माझ्या हातातला मोटारीचा स्टार्टर खाली पडला एवढं मला आठवतं. नानांनी फोनवरचं बोलायचं बटण दाबलं आणि वाड्यावर बिबट्या आल्यावर देतात ती आरोळी दिली. पन्नास वर्षं माळावर पोचलेला तो आवाज, दुकानात मावणारा नव्हताच. "हाऽऽ रं हाऽऽ! कोन हाये तिकडं? सोड रं कुत्री! आलो, काठी घिऊन आलो!" बाकावर उदापूरचे दोन शेतकरी मोटारीसाठी थांबले होते, तेही ओरडायला लागले. मी पाना घेऊन जळक्या मोटारीच्या बॉडीवर बडवत सुटलो. सात समुद्रांपलीकडे त्या अंधारात ते सगळं एकदम फुटलं असणार. एक चोर ओसरीवरून बर्फात पालथा पडला. दुसरा त्याला न उचलताच पळाला. पडलेला उठून पळाला तेव्हा नाना मला म्हणाले, "बघ, डावा पाय आत पडतो का न्हाई?"

त्या संध्याकाळी नाना घरी गेले ते पंचवीस वर्षांनी लहान होऊन. दत्ताचा फोन आलाच. आवाज आनंदाचा होता. कॅमेरा किती भारी आहे, बघा, म्हणाला, पैसे वसूल झाले. बापाला एक शब्द नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं ती चित्रफीत मित्रांना पाठवली आणि फिरत फिरत ती आमच्या गावातही आली. नानांच्या आरोळीवर हसण्याची चित्रं चिकटवलेली होती. खाली कुणीतरी विचारलं होतं, हा अलार्म कुठं मिळतो. मी मोबाइल नानांपासून लपवला, पण गावात असलं काही लपत नाही. नानांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हसंनात का. घर वाचलं न्हवं? जुलैला पोरगी येईल तिथं." मी म्हटलं, नाना, एकदा तरी त्या दत्ताला हॅट् म्हणा. ते उठून घरी गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जुलै आला. नानांनी दाढी केली, धुतलेला पटका बांधला. ते दिसणार नव्हते, बघणार होते. आता वेळही उलटी होती. सईला खेळताना पाहायचं तर इथल्या संध्याकाळी, म्हणून मी त्या दिवशी दुकान उघडं ठेवलं. फोन खोक्याला टेकवला. पडदा काळा. मी रेंज बघितली, ॲप काढून परत टाकलं, मोबाइल बंद-चालू केला. काळाच. शेवटी दत्ताला फोन लावला. मागून पाण्यात उड्या मारल्याचा आवाज येत होता, पोरीचं हसू येत होतं. "अरे, आम्ही आलो की कॅमेरे बंदच ठेवतो," तो म्हणाला. "घरात माणसं असताना कोणीतरी बघतंय हे बरं वाटत नाही ना. प्रायव्हसी. नानांना सांग, आता सुट्टी घ्या. सप्टेंबरपासून परत बघा."

फोन स्पीकरवर होता. नानांनी सगळं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता तरी म्हणतील, असं मला वाटलं. ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "हसती बरं का खळखळून. आयकलं का तू?"

सप्टेंबरात नाना परत बाकावर आले आणि तेच रिकामं घर, तेच दार पाहायला लागले. माझ्याच्यानं ते बघवेना. "कशाला?" मी विचारलं. "कबूल केलंय," एवढंच म्हणाले. पुढच्या माघात, एका सकाळी ते आले नाहीत. मी रस्ता ओलांडून गेलो. अंथरुणात होते, घोंगडी छातीपर्यंत ओढलेली. मोबाइल चार्जिंगला लावून ठेवलेला होता.

दत्ता तिसऱ्या दिवशी पोचला, एकटाच. सईची शाळा होती. तेराव्यापर्यंत राहिला. रडला नाही असं नाही, खूप रडला, पण मला त्याची दया आली नाही, हे मी इथं कबूल करतो. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं नानांच्या दाराला मोठं कुलूप घातलं आणि चौकटीवर कॅमेरा ठोकला, तिकडे होता तसलाच. म्हणाला, "सुट्टीत येत जाऊ आम्ही. मेस्तरी, तू दिवसभर समोर बसूनच असतोस. तेवढं बघत जा." शब्द तेच होते. त्याला ते आठवतही नव्हते. मी त्याचं ॲप घेतलं नाही. किल्ली मात्र घेतली.

तो गेल्यावर मी नानांच्या ओट्यावर स्टूल ठेवलं, मागे काठी बांधली, त्यावर त्यांची राहिलेली घोंगडी टाकली आणि वर पटका गुंडाळला. खाली त्यांच्या चपला ठेवल्या. राखण त्यांनी सांगितली तशी.

आठवड्यानं सकाळी कॅनडाहून फोन आला. "मेस्तरी, आमच्या ओट्यावर कोण बसलंय?"

"राखणदार आहे," मी म्हटलं.

पडदा जवळ घेऊन तो परत बघत असणार. मग म्हणाला, "काढ ते. मला बघवत नाही."

"मग कॅमेरा बंद कर. तुला येतं ते."

फोन मीच ठेवला. त्याला आता दोन महिने झाले. घोंगडी ओट्यावर आहे आणि कॅमेरा त्यानं बंद केलेला नाही. दुपारी एक-दोनला, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते तेव्हा, मी मोटारीच्या कामातून मान वर करतो तर चौकटीवरचा तो बारीक हिरवा दिवा लागलेला असतो. चारपर्यंत तसाच असतो. मी त्याच्याकडे बघून हॅट् म्हणतो, पण नानांसारखा तो निघत नाही.