दहाच्या जागी पाच

हर्षा वैरागडे नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात कंत्राटावर आहे. डॉक्टरांच्या अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे, हे संगणकावर काढून देणं तिचं काम.

डॉ. प्रेमिला रामटेके सिझेरियनच्या टाक्यांवरच्या दोन पट्ट्यांची तुलना करत होत्या. जुन्या पट्टीत शंभरातल्या वीस जणींची जखम चिघळायची. नव्या पट्टीनं दहा जणींचीच चिघळेल, अशी आशा होती. हा फरक पकडायला प्रत्येक गटात किती बायका लागतील? हर्षाच्या सॉफ्टवेअरनं सांगितलं, शहात्तर. कॉलेजच्या नैतिकता समितीनं मंजुरी दिली, अभ्यास सुरू झाला.

चार महिन्यांनी अहवालासाठी तिनं जुनी फाइल उघडली. नव्या पट्टीच्या रकान्यात दहाऐवजी पाच होते. तिनं दहा भरले. उत्तर आलं एकशे नव्व्याण्णव. तीनदा केलं, तरी तेच.

दोन्ही गटांत मिळून एकशे तीस बायका घेऊन झाल्या होत्या. नवी पट्टी खरंच चांगली असली, तरी एवढ्या कमी बायकांत बहुधा ‘फरक नाही’ असंच निघालं असतं, आणि ती पट्टी कायमची बाजूला पडली असती.

चूक कोणालाच कळली नव्हती. फाइल पुसता आली असती. पुढच्याच महिन्यात कंत्राट संपत होतं. दोन दिवस तिचा डबा तसाच घरी, हुडकेश्वरला परत गेला.

तिसऱ्या दिवशी फॉर्म तपासायला ती वॉर्डात गेली. उमरेडहून आलेली पिंकी बाळाला थोपटत म्हणाली, “मॅडम, कोणती पट्टी चांगली ते आमच्यावरूनच समजन ना?”

“हो,” म्हणून हर्षानं फॉर्म मिटला. ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“काहून वं, एवढी पांढरी पडली?” डॉक्टरांनी विचारलं.

“मॅडम, माह्याकडून चूक झाली.” तिनं दोन्ही आकडे टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. “कोणाले सांगितलं?”

“कोणालेच नाही.”

आता त्या ‘गप्प राहा’ म्हणतील, अशी भीती हर्षाला वाटली.

“समितीचा अर्ज मीही वाचला होता,” डॉक्टर म्हणाल्या. “समितीले पत्र लिही. दोघींची सही राहीन.”

समितीनं दीड महिना नव्या बायका घेणं थांबवलं, हर्षाला उभं करून तासभर विचारलं, मग संख्या वाढवून दिली. तिचं कंत्राट मात्र वर्षाऐवजी सहाच महिन्यांचं झालं.

अभ्यास अजून चालू आहे. आता हर्षा प्रत्येक आकडा सहकारी रितिकाकडून मोठ्यानं वाचून घेते. तरीही बटण दाबताना तिचं बोट अडतं.